यिन-यांग आणि शिव-शक्ती: कर्तेपण कोणाकडे?

यिन आणि यांग या दोन चिनी संज्ञा आज जगभर परस्परपूरक विरोधाचे प्रतीक म्हणून ओळखल्या जातात. पण त्यांचा आरंभ कोणत्याही गूढ तत्त्वात नसून डोंगराच्या उतारावर पडणाऱ्या उन्हात आहे. डोंगराची जी बाजू उन्हात असते ती यांग आणि जी सावलीत असते ती यिन, एवढाच त्यांचा प्राचीन अर्थ होता. चिनी संस्कृती जिथे घडली तो पीत नदीचा प्रदेश कर्कवृत्ताच्या बराच उत्तरेला असल्यामुळे तिथे मध्यान्हीचा सूर्य वर्षभर दक्षिणेलाच दिसतो. साहजिकच डोंगराचा दक्षिण उतार यांग ठरला, आणि नदीच्या बाबतीत उत्तरेकडचा काठ यांग ठरला, कारण त्या काठाचा उतार दक्षिणेकडे असतो. लुओ नदीच्या उत्तर काठावर वसलेल्या लुओयांग या जुन्या राजधानीच्या नावात हीच खूण आहे.

हा नियम पुणे जिल्ह्यात लावून पाहिला तर त्याचे खरे मर्म अधिक स्पष्ट होते. दौंड तालुक्यातील राहू आणि त्याच्या आसपासची गावे ज्या भूभागावर आहेत त्याला लोक राहू बेट म्हणतात, कारण त्याच्या दक्षिणेकडून मुळा-मुठा वाहते, उत्तरेकडून भीमा येते, आणि वाळकीजवळ या दोन्ही नद्या एकत्र होतात. चिनी रीतीने पाहिल्यास राहूचे शिवार मुळा-मुठेच्या दृष्टीने यांग ठरते आणि भीमेच्या दृष्टीने यिन, म्हणजे तीच काळी जमीन आणि तोच ऊस एकाच वेळी दोन्ही बाजूंना मोजला जातो. त्यात आणखी एक गोष्ट अशी की हा प्रदेश कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे साधारण मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य इथे डोक्याच्या उत्तरेला जातो, आणि त्या अडीच महिन्यांत उन्हाची बाजू व सावलीची बाजू यांची चक्क अदलाबदल होते. यिन किंवा यांग हा कोणत्याही वस्तूचा अंगभूत गुण नाही. ते एका वस्तूचे दुसऱ्या वस्तूशी, आणि विशिष्ट वेळी असलेले, नाते आहे. चिनी विचारवंतांनी पुढे विश्वरचनेचा जो मोठा डोलारा उभारला तो या एका निरीक्षणावर, आणि त्यांच्यातील काहींनी जी मोठी चूक केली ती हेच निरीक्षण विसरल्यामुळे.

खुद्द कन्फ्यूशियसने (इ.स.पू. ५५१ ते ४७९) यिन-यांगचे तत्त्वज्ञान सांगितले नाही. त्याच्या संवादांचा जो संग्रह शिष्यपरंपरेने जपला, त्यात मातापित्यांशी वागणूक, राज्यकर्त्याचे शील, विधी, संगीत आणि माणुसकी यांची चर्चा आहे. मनुष्यस्वभावाचे मूळ आणि आकाशाचा मार्ग या विषयांवर गुरूचे बोलणे ऐकायला मिळत नाही, असे त्याचा शिष्य जिगोंग तिथे नमूद करतो. यिन-यांगचा पद्धतशीर विचार ज्यांच्या नावावर आहे ते जोउ यान आणि त्याचे अनुयायी हे इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकातील वेगळ्याच पंथाचे होते. तरीही हा विचार कन्फ्यूशियन परंपरेत आला तो यी जिंग, म्हणजे परिवर्तनाचा ग्रंथ, या शकुनग्रंथाच्या वाटेने. या ग्रंथावरील ‘दहा पंख’ नावाची परिशिष्टे परंपरेने कन्फ्यूशियसच्या नावावर घातली. आधुनिक संशोधक ती त्याच्यानंतरची मानतात. त्या परिशिष्टांनी कौल लावण्याच्या पोथीचे विश्वशास्त्रात रूपांतर केले.

यी जिंगची मांडणी अखंड रेघ आणि मधोमध तुटलेली रेघ या दोनच चिन्हांवर उभी आहे. अखंड रेघ यांग, तुटलेली यिन. एकावर एक सहा रेघा रचल्या की एक आकृती होते आणि अशा एकूण ६४ आकृती होतात. त्यांतील अकरावी आणि बारावी या दोन आकृती शेजारी ठेवून पाहण्याजोग्या आहेत. बाराव्या आकृतीत आकाश वर आणि पृथ्वी खाली आहे, म्हणजे सगळे जिथल्या तिथे; पण तिचा अर्थ मात्र कोंडी, अडलेपण. अकराव्या आकृतीत याच्या उलट पृथ्वी वर आणि आकाश खाली आहे, आणि तिचा अर्थ शांती व भरभराट. याचे कारण गतीत आहे: आकाशाची ओढ वर जाण्याची, पृथ्वीची खाली येण्याची; आकाश खाली असले तरच दोघांची वाटेत गाठ पडते, नाहीतर दोघे एकमेकांपासून दूर जात राहतात. चोविसावी आकृती तेवढीच बोलकी आहे. तिच्यात पाच यिन रेघांच्या तळाशी एकच यांग रेघ येते आणि ती हिवाळ्यातील सर्वांत लहान दिवसाची खूण मानली जाते, कारण थंडी आणि अंधार यांचा कळस झाला त्याच क्षणी उन्हाचे परतणे सुरू होते. कोणताही ध्रुव टोकाला पोचला की त्याच्या पोटातून दुसरा उगवतो, हा या विचाराचा गाभा आहे.

राजदरबारात मात्र या विचाराचे जे झाले ते वेगळे होते. हान राजवटीत सम्राट वू याच्या काळी दोंग जोंगशू या पंडिताने यिन-यांगची सांगड राज्यव्यवस्थेशी घातली आणि राजा, पिता व पती यांना यांग तर सेवक, पुत्र व पत्नी यांना यिन ठरवून यांग श्रेष्ठ आणि यिन कनिष्ठ असे जाहीर केले. दोन्ही बाजूंशिवाय काहीच घडत नाही असे सांगणारे तत्त्व इथे हुकूम देणारा कोण आणि पाळणारा कोण याची यादी झाले. पुढे बान जाओ या विदुषीने स्त्रियांसाठी लिहिलेल्या उपदेशपर ग्रंथात पुरुषाने कठोर आणि स्त्रीने मृदू असावे, याला आधार म्हणून यिन-यांगच दिले. एकाच व्यक्तीला एका नात्यात यिन आणि दुसऱ्या नात्यात यांग मानण्याची सोय मूळ विचारात होती, आणि सेवक त्याच्या हाताखालच्या माणसासाठी यांग होतो हे हान पंडितांनाही मान्य होते. घरातील स्त्रीच्या बाबतीत मात्र ही सोय फारशी कोणी वापरली नाही.

या परंपरेला तात्त्विक खोली आली ती अकराव्या-बाराव्या शतकांत, सोंग राजवटीच्या काळात. बौद्ध धर्माने तोवर चीनमधील विद्वानांची मने जिंकली होती आणि जग हे अखेरीस शून्य आहे या शिकवणीला उत्तर देणे कन्फ्यूशियन पंडितांना भाग होते. जोउ दुनयी (१०१७ ते १०७३) याने एका आकृतीवर छोटे भाष्य लिहिले. त्यानुसार ताइजी, म्हणजे परम टोक किंवा परमतत्त्व, हलते तेव्हा यांग निर्माण होते. हालचाल टोकाला गेली की स्थिरता येते आणि यिन निर्माण होते. स्थिरता टोकाला गेली की पुन्हा हालचाल सुरू होते. या दोघांच्या मिलाफातून पाणी, अग्नी, लाकूड, धातू आणि माती या पाच अवस्था आणि त्यांतून सारी सृष्टी होते. (काळा-पांढरा, दोन माशांसारखा जो गोल आज शर्टांवर छापलेला दिसतो तो ही आकृती नव्हे; तो बराच नंतर रूढ झाला. तोच गोल नील्स बोर या भौतिकशास्त्रज्ञाने १९४७ मध्ये डेन्मार्कचा राजसन्मान मिळाल्यावर आपल्या कुलचिन्हात घेतला.) जोउचा समकालीन जांग झाय याने सांगितले की ज्याला पोकळी म्हणतात तीही रिकामी नसून ‘छी’ या प्राणद्रव्याने भरलेली आहे, पाणी गोठून बर्फ व्हावे आणि वितळून पुन्हा पाणी व्हावे तसे हे द्रव्य घट्ट होते तेव्हा वस्तू दिसतात आणि विरळ होते तेव्हा त्या मावळतात. म्हणून मरणाने काही नाहीसे होत नाही, आणि आकाश-पृथ्वी यांना मातापिता मानणाऱ्या माणसाला सगळे लोक भावंडे ठरतात.

या सर्वांना एका सूत्रात ओवले जू शी (११३० ते १२००) याने. त्याच्या मते प्रत्येक वस्तूत दोन अंगे असतात: ‘ली’, म्हणजे ती वस्तू तशी का आहे याचे सूत्र, आणि ‘छी’, म्हणजे ज्या द्रव्यातून ती बनते ते. ताइजी म्हणजे सर्व सूत्रांचे मूळ सूत्र. यिन आणि यांग या छीच्या अवस्था. ली एकटे कुठे सापडत नाही आणि छी सूत्रावाचून राहत नाही. दोघांचे नाते समजावताना त्याने ली हे घोड्यावर बसलेल्या माणसासारखे आहे असे म्हटले: चालतो तो घोडा, पण माणूस त्याच्यासोबत जातो. पंधराव्या शतकाच्या आरंभी त्साओ दुआन या त्याच्याच परंपरेतील पंडिताने यावर नेमका आक्षेप घेतला, की ली जर स्वतः हलतच नसेल तर हा जिवंत घोड्यावर बसवलेला मेलेला माणूस झाला. जू शीच्या साऱ्या व्यवस्थेतील सर्वांत कच्चा सांधा या आक्षेपाने उघडा केला असे म्हणण्यास हरकत नाही.

मराठी वाचकाला हा वाद ऐकून सांख्य दर्शन आठवल्यावाचून राहणार नाही. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत पुरुष आणि प्रकृती यांचा संबंध पांगळा आणि आंधळा यांच्या दाखल्याने सांगितला आहे. पांगळ्याला दिसते पण चालता येत नाही, आंधळ्याला चालता येते पण दिसत नाही, म्हणून एकाने दुसऱ्याच्या खांद्यावर बसून वाट काढायची. जू शीचा स्वार आणि सांख्यांचा पांगळा यांच्यात साम्य मोठे आहे, आणि अडचणही तीच: ज्याच्या अंगी काहीच क्रिया नाही तो वाट तरी कशी दाखवणार? सांख्यांनी दोन्ही तत्त्वे स्वतंत्र मानली, त्यामुळे ती परस्परपूरक असूनही एकमेकांतून उगवत नाहीत आणि शेवटी वेगळीच होतात.

या अडचणीला महाराष्ट्रात दिलेले उत्तर अमृतानुभवात आहे. ज्ञानेश्वरांनी (१२७५ ते १२९६) नेवासे येथे १२९० मध्ये ज्ञानेश्वरी पूर्ण केली आणि त्यानंतर सुमारे आठशे ओव्यांचा हा स्वतंत्र ग्रंथ रचला. त्या वेळी देवगिरीला रामचंद्रदेव यादव राज्य करीत होता आणि चीनमध्ये सोंग राजवट संपून कुबलाई खानाचा अंमल सुरू झाला होता. जू शीच्या मृत्यूनंतर ज्ञानेश्वरांच्या जन्मापर्यंत जेमतेम पाऊणशे वर्षे गेली होती. या दोन परंपरांत कोणती देवाणघेवाण झाल्याचा पुरावा नाही. ज्ञानेश्वरांचा विचार आला तो गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांकडे आलेल्या नाथपरंपरेतून, आणि अमृतानुभवात शिवसूत्रांचा उल्लेख आहे त्यावरून काश्मीरच्या शैव विचाराशीही त्यांचा परिचय होता हे दिसते.

ग्रंथाचे पहिले प्रकरण ‘शिवशक्तिसमावेशन’ आहे आणि जगाच्या या आईबापांना, देव आणि देवी यांना, केलेले ते वंदन आहे. त्यात ज्ञानेश्वर दोन टिपऱ्यांचा एकच नाद, दोन दिव्यांचा एकच उजेड, दोन ओठांचा एकच शब्द, दोन डोळ्यांची एकच दृष्टी असे दाखले एकापाठोपाठ एक देत जातात. दोघे मिळून एक होतात असे त्यांना म्हणायचे नाही; दोन मोजायला गेले की एकच हाती लागते, असे म्हणायचे आहे. याहून धीट चित्र देव-देवीच्या घरसंसाराचे आहे. या घरात माणसे दोनच. नवरा निजला की बायको जागी राहून दोघांचाही संसार एकटीच चालवते. नवऱ्याला रूपच नाही याची तिला लाज वाटते म्हणून ती नामरूपाचे, जगाएवढे मोठे लेणे त्याच्या अंगावर घालते. एवढे झाल्यावर ती त्याच्याहून वेगळी उरते असेही नाही, कारण तिच्यावाचून त्याला शिवपण नाही आणि त्याच्यावाचून तिला असणेच नाही.

इथे दोन परंपरांमधील सर्वांत मोठा फरक समोर येतो, आणि तो लक्षात न घेता शिव-शक्ती म्हणजे भारतीय यिन-यांग असे म्हणून टाकण्याची लोकप्रिय सवय दिशाभूल करणारी आहे. चिनी मांडणीत हालचाल, उष्णता आणि आरंभ या गोष्टी पुरुषरूपाकडे म्हणजे यांगकडे आहेत, तर स्थिरता आणि ग्रहण करणे स्त्रीरूपाकडे म्हणजे यिनकडे. सांख्य, नाथ आणि ज्ञानेश्वर या तिघांतही हा हिशेब उलटा आहे: पुरुष किंवा शिव निश्चल, साक्षी, निजलेला, आणि चालणारी, घडवणारी, जग थाटणारी ती प्रकृती किंवा शक्ती. जगाला दोन ध्रुव आहेत यावर दोन्हीकडे एकमत आहे, पण कर्तेपण कोणत्या ध्रुवाकडे आहे यावर ते समोरासमोर उभे आहेत. यावरून निघणारा निष्कर्ष असा की स्त्रीत्व-पुरुषत्व ही या तत्त्वावर वरून चढवलेली वस्त्रे आहेत. ज्या समाजाने ती चढवली त्याने आपल्या सोयीने चढवली.

दगडातही हे दिसते. घारापुरीच्या लेण्यात, साधारण सहाव्या शतकातील, अर्धनारीश्वराचे भव्य शिल्प आहे. त्यात उजव्या, शिवाच्या अंगाचा हात नंदीवर टेकलेला आहे आणि डाव्या, पार्वतीच्या अंगाच्या हातात आरसा आहे. राहूहून यवत गाठून पुढे टेकडीवरच्या भुलेश्वराला गेले तर यादवकाळातील काळ्या दगडाच्या मंदिरात स्त्रीरूपातील गणपतीची मूर्ती पाहायला मिळते. सोंड तीच, पण शरीर स्त्रीचे, आणि लोक तिला गणेश्वरी किंवा वैनायकी म्हणतात. प्रत्येक देवतेची शक्ती ही तिचेच दुसरे रूप आहे हा शाक्त विचार तिथल्या कारागिराने गणपतीलाही लावला. ज्ञानेश्वरांनी ओवीत जे सांगितले त्याच्याशी हे काम विसंगत नाही.

जू शी आणि ज्ञानेश्वर यांच्यातील साम्य मात्र जिथे सहसा शोधले जात नाही तिथे सापडते. अमृतानुभवातील सर्वांत मोठे प्रकरण सातवे आहे, ‘अज्ञानखंडन’. जग हे अज्ञानातून भासते या प्रचलित मताचा ज्ञानेश्वरांनी त्यात ओवीमागून ओवी समाचार घेतला आहे. जग म्हणजे चैतन्याचाच विलास आहे अशी त्यांची भूमिका असल्याने अभ्यासक तिला चिद्विलासवाद म्हणतात. जू शीही बौद्धांच्या शून्याविरुद्ध हेच सांगत होता, की वस्तू खऱ्या आहेत आणि त्यांची सूत्रेही खरी आहेत. एकाने संन्यासी विहारांशी आणि दुसऱ्याने मायावादाशी वाद केला, पण दोघांनाही जग वाचवायचे होते. फरक पुढच्या पावलात आहे. जू शीसाठी यिन-यांगचे चक्र कधी थांबत नाही. माणसाने त्यात आपली जागा ओळखून एकेका वस्तूचे सूत्र शोधत, आई-वडील, भाऊ, राजा यांच्याशी योग्य वागत आयुष्य घडवायचे. ज्ञानेश्वर मात्र देव-देवींचे द्वैत वंदनाच्या ओघातच विरघळवून टाकतात आणि शेवटी वंदन करणारा वेगळा उरतो का, असे विचारतात. कन्फ्यूशियन पंडिताला हा प्रश्न निरर्थक वाटला असता, कारण वंदन करणारा नसेल तर विधी कोण करणार आणि विधीवाचून समाज कसा टिकणार?

शक्तीला कर्ती मानणाऱ्या परंपरेने प्रत्यक्ष घरातील स्त्रीला अधिक अधिकार दिले, असा समज करून घेण्याचे कारण नाही. १८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली तेव्हा देवीची पूजा करणाऱ्या समाजात सगळे दोष बाईच्या माथी मारण्याची रीत त्यांना पुराव्यानिशी उघडी करावी लागली. त्याच दोषांची तुलना त्यांनी पुरुषांच्या वागण्याशी केली. दोन ध्रुवांचा हिशेब तत्त्वज्ञानातून काढून रोजच्या व्यवहारात मांडण्याचा मराठीतील तो पहिला रोखठोक प्रयत्न म्हणता येईल.

दोन्ही विचारांचे पुढचे नशीबही सारखे नाही. जू शीच्या हयातीच्या शेवटच्या वर्षांत त्याची शिकवण खोटी विद्या म्हणून सरकारने दडपली. पण १३१३ मध्ये मंगोल राजवटीने त्याच्या भाष्यांना सरकारी परीक्षांचा पाया केले आणि १९०५ मध्ये त्या परीक्षा बंद होईपर्यंत अधिकारी होऊ पाहणाऱ्या प्रत्येक चिनी तरुणाला ती पाठ करावी लागली. अमृतानुभवाला असा राजाश्रय कधीच मिळाला नाही. सतराव्या शतकात शिवकल्याण यांनी त्यावर ‘नित्यानंदैक्यदीपिका’ ही टीका लिहिली, पुढे इतरांनीही लिहिल्या. मात्र वारकऱ्यांनी प्रस्थानत्रयी म्हणून ज्ञानेश्वरी, एकनाथी भागवत आणि तुकारामांची गाथा हे तीन ग्रंथ मानले, आणि अमृतानुभव त्यांत नाही. आळंदीची इंद्रायणी तुळापूरला भीमेस मिळून राहू बेटाच्या कडेने पंढरपूरकडे जाते, यवतला तुकोबांच्या पालखीचा मुक्काम असतो आणि या साऱ्या पट्ट्यात हरिपाठ घरोघरी म्हटला जातो. शिव-शक्तीच्या त्या पहिल्या प्रकरणाशी गाठ पडते ती बहुधा एखाद्या जाणत्या कीर्तनकाराच्या निरूपणातच.